कान उत्तर देतो म्हणे

३ फेब्रुवारी
सगळ्यांत आधी कोण टपकलं? शेजारची छोटीबाई! सून-नात दवाखान्यातून येऊन उंबऱ्यात उभ्या, तोच ही दुकान उघडं टाकून हजर. ‘बधाई हो भाभी!’ लग्नानंतर आठ वर्षांनी माझ्या भाग्येशच्या घरी लेकरू — मग धावणारच ना! नात म्हणजे लोण्याचा गोळा. मुलगी झाली म्हणून थाळी वाजवायची नाही की काय? मी वाजवली! काशाची, दणादण!

दवाखान्यात काल फाल्गुनी मॅडम आली होती, कानवाली. नातीच्या कानात बारीक बूच घातलं, हातात मोबाइलएवढं मशीन. म्हणाली, मशीन आवाज सोडतं, मग कान आतून हळूच उत्तर देतो, ते मशीन ऐकतं. कान उत्तर देतो! साठी उलटली, माझ्या कानाने कधी कोणाला उत्तर दिलं नाही. नातीच्याही दोन्ही कानांनी दिलं नाही. ‘घाबरू नका, तीन आठवड्यांनी परत बघू.’ मग आत्ता कशाला बघितलं? काही कळेना.

५ फेब्रुवारी
नातीजवळ जाऊन थाळी वाजवली. दचकली! ऐकते! कारखान्यात फोन लावला. भाग्येश म्हणे, ‘आई, तू तिन्हा तोंडपुढे वाजाडी. वारा लागना व्हई!’
बरं. मागून वाजवली. झोपूनच राहिली. पण लहान लेकरं झोपतातच की.

१० फेब्रुवारी
कोणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. दवाखान्यात मॅडम यायच्या आधी, नर्सची नजर चुकवून, मी नातीच्या दोन्ही कानांत कोमट तेल घातलं होतं. आमच्याकडे घालतातच. भाग्येशच्या घातलं, त्याच्या बापाच्याही घातलं असेल.
आज आशाताई वजन करायला आली. बोलता बोलता म्हणाली, कानात तेल, मळ काही असलं तरी मशीन नाही म्हणतं.
अगं बाई! म्हणजे चूक माझी!
चूक केल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

११ फेब्रुवारी
दीपमालाला सांगितलं. सून आधी रडली, मग हसली, मग माझ्यावर डोळे वटारले — ‘आत्या, आते त्या कानले हात लावा तं देखा!’ नाही लावत बाई. संध्याकाळी शिरा केला. भाग्येशने दोनदा घेतला.

२४ फेब्रुवारी
मॅडम आणि आशाताई घरी आल्या. कान कोरडे, स्वच्छ. मॅडमने आत उजेड पाडून बघितलं, म्हणाली छान. बूच घातलं. आम्ही तिघं श्वास धरून. छोटीबाई दारात आली, तिलाही मी हातानेच गप्प केलं.
कानांनी उत्तर दिलं नाही. एकानेही नाही.
आता तिसरी तपासणी, नंदुरबारला. डोक्याला तारा चिकटवायच्या, लेकरू झोपलेलं पाहिजे. कानात गेलेला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. लवकर कळलं तर कानाला मशीन लावता येतं, पोर बोलायलाही शिकते, असं म्हणाली. पहिलं मशीन कानाचं ऐकतं, दुसरं मेंदूचं ऐकतं, तिसरं कानाला ऐकवतं. माझं डोकं गरगरलं.
मग मॅडमने वही काढून विचारलं, ‘घराण्यात लहानपणापासून कोणाला ऐकू येत नव्हतं का?’
भाग्येश नाही म्हणाला. दीपमाला नाही म्हणाली. मॅडमने माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली — नाही.

२६ फेब्रुवारी
मान का हलवली? दोन दिवस तेच डोक्यात. तेलाचं सांगितलं, ते सोपं होतं.
धाकटी बहीण होती मला. धनू. हाक मारली तर बघायची नाही, बोलायची नाही. मास्तरने शाळेतून परत पाठवली. सगळे येडी म्हणायचे. मी चौथीपर्यंत गेले, ती गोठ्यात. हाकेला ओ देत नाही म्हणून मीही तिला मारलं आहे. पुष्कळदा. सोळाव्या वर्षी तापाने गेली. भाग्येशला तिचं नावही माहीत नाही.
पण तिला कोणी बहिरी म्हटलंच नव्हतं! मग मी काय सांगणार होते? येडी होती म्हणून?

२७ फेब्रुवारी
मॅडमला फोन करून धनूचं सगळं सांगितलं.  म्हणाली, ‘आजी, ती वेडी नसेल हो. तिला ऐकूच येत नसेल.’
ती आणि आशाताई गुरुवारी येणार आहेत, नातीला नंदुरबारला न्यायला.