आधी मी खोकले

तीर्थरूप बाबांना नमस्कार, आणि आधी आनंदाची बातमी!

तुमच्या लेकीच्या प्रयोगशाळेनं आज मैदान मारलं.

एका शिंपीणबाईंचा खोकला काही केल्या हटत नव्हता, पण तपासणीत काही सापडत नव्हतं. सापडणार कसं? खाकरायची लाज वाटून त्या डबीत नुसती थुंकी द्यायच्या, आणि टीबीचे जंतू असतात छातीतल्या बेडक्यात. शेवटी मी त्यांना मागच्या अंगणात नेलं आणि आधी स्वतः बेंबीच्या देठापासून खोकून दाखवलं. पहारेकरी धावतच आला! बाई हसल्या, हसता हसता खोकल्या आणि हवा तो बेडका डबीत पडला.

नव्या यंत्राला जंतूंचा एवढासा अंश पुरतो. पूर्वी आठवडे लागायचे. आज जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर हजर! टीबीच आहे, पण नेहमीच्या औषधांना दाद देणारा. पहिल्या गोळ्या घेऊनच बाई घरी गेल्या.

आईचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला साधाच आहे, असं ती लिहिते. बाबा, शिंपीणबाईही तेच म्हणत होत्या.

इकडे या. लाज वाटली तर आधी मी खोकेन.

तुमचीच,
धाकटी