सौमित्रची लाथ आणि माझं दही

ॲन आर्बर,
नोव्हेंबर २००५

चि. सौ. रत्ना हिला थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी बरे ना? माझी तब्येत इतकी झकास आहे की कुणाला सांगायची सोय नाही. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाच.

तर आपला सौमित्र, माझ्या शशिकांतचा मुलगा, इथून तासाभरावरच्या एका लहानशा कॉलेजात फुटबॉल खेळतो. नावावर जाऊ नकोस, चेंडू हातात धरून पळतात. (चेंडूही गोल नाही, सोलायचा राहिलेल्या नारळासारखा आहे.) डोक्याला पातेली, खांद्यांत उशा, आणि मिनिटामिनिटाला घोळका करून कुजबुजतात, लग्नात विहिणीकडच्या बायका करतात ना, तसं. मग एकमेकांच्या अंगावर धाड! अगदी आपलं हुतूतू. मला बाई पहिल्याच दिवशी बार्शीचं जिनिंगमागचं मैदान आठवलं, आणि परकराचा काचा मारून शिरणारी तू. शिरण्याआधी एकदा फाटकाकडे बघायचीस, लेकीचा खेळ बघायला अण्णा आलेत का म्हणून. अण्णा कधी आले नाहीत. सौमित्रचं काम एवढंच, लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून धाडायचा. तोही लाथेआधी गाड्या लावतात तिकडे बघतो, कारण शशिकांत येत नाही. म्हणतो, "इंजिनिअर व्हायला पाठवलाय, लाथा मारायला नाही. एक तरी मॅच जिंका, मग बोलवा."

जिंकतायत कसले! सूनबाई अदिती मला गाडीतून न्यायची आणि दर शनिवारी आम्ही हरून यायचो. म्हणून मी शहाणपण केलं. घरचं दही नेलं आणि मैदानात निघालेल्या सौमित्रच्या हातावर घातलं. ते बघून बाकीच्या दांडग्यांनीही ओळीनं हात पुढे केले. (गोड पोरं गं. एकेकाचा पंजा पाटाएवढा.) सौमित्र चाटून पुढे पळाला, आणि यांना चाटा म्हणून सांगायचं राहिलं. एकानं मलम समजून दोन्ही हातांना चोळलं, मग सगळ्यांनीच चोळलं. त्या दिवशी चेंडू साबणाच्या वडीसारखा सुटत होता. सौमित्र म्हणाला, "आजी, प्लीज, नेक्स्ट टाइम तूच खा."

शेवटच्या मॅचला मी अदितीला म्हटलं, तुला आज ताप आहे. तिला लगेच आला. (गुणाची आहे.) मग शशिकांतला गाडी काढावी लागली. "फक्त तुला सोडायला हं, आई," असं वाटभर बजावत होता. तिथे लॅपटॉप घेऊन गाडीतच बसला. मग काचेतून बघायला लागला, मग बाहेर आला, मग कुंपणाशी. आणि थोड्या वेळानं ओरडतोय, "अरे धरा त्याला, तंगडी धरा!" चक्क मराठीत, आणि शेजारचे गोरे माना डोलावतायत!

अखेर सगळं सौमित्रच्या लाथेवर आलं. खांबांतून गेला तर जिंकलो. त्यानं सवयीनं गाड्यांकडे पाहिलं, आणि मध्येच त्याला कुंपणाशी बाप दिसला. लाथ तिरकी बसली. चेंडू खांबाला आपटून परत.

हरलो. वर्षभरातल्या झाडून सगळ्या मॅच हरलो. सौमित्र मान खाली घालून आला. मला वाटलं, आता शशिकांत तोंड सोडणार. तर म्हणाला, "वारा होता रे."

रत्ना, झाडाचं पान हलत नव्हतं.

सौमित्र म्हणाला, "येस बाबा, टू मच विंड," आणि दोघं हसायलाच लागले. मी आपलं पदरानं नाक पुसलं. थंडी फार आहे इथे.

सगळ्यांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला शेक घे.

तुझी
अक्का

ता. क. दह्याचं शशिकांतला ठाऊक नाही. तू बोलू नकोस.

ता. क. दुसरा. खरं काम पुढेच आहे. माझं परतीचं तिकीट पुढच्या महिन्याचं. आणि गाडीत शशिकांत म्हणाला, "पुढच्या वर्षी आई असली तर तिला आणायला मला यावंच लागेल." म्हणजे मी नसले तर त्याला यायला निमित्तच नाही, आणि पुढचं वर्ष पोराचं शेवटचं. इथे राहायची मुदत वाढवून मिळते म्हणे. तेव्हा तू शशिकांतला फोन करून सांग की आमच्याकडच्या अक्काच्या खोलीला रंग काढलाय, तिला ठेवायला जागा नाही. वर्षभर कसला रंग विचारलं, तर रंगारी आळशी आहे म्हण. आणि बोलताना हसू फुटायला लागलं तर फोन भाऊजींकडे दे. त्यांना हसता कुठे येतं!