करियाच्या गळ्यातला दोरा

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
करिया भांडला. समोरच्या पद्माक्कांच्या कुत्र्याशी, शेरूशी, आमच्याच गेटपाशी. मी ऑफिसातून आले तोवर सगळं मिटलेलं. अंबूआत्या अळणावर गावच्या गाडीसाठी रिक्षात बसली होती. तिथूनच म्हणाली, त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधलाय, सोडू नको. सोडलास तर पुन्हा काय होईल सांगता येत नाही.
मी असलं काही मानत नाही.
करियाला तपासलं. टॉर्च, कोमट पाणी, पांढरा फडका. अर्धवट काम म्हणजे खोटं बोलणंच, हे अप्पांनी मला शाळेत घालायच्या आधी घरीच शिकवलंय. पंजे, पोट, कान, मांड्या. फडका पांढराच राहिला. अप्पांना सांगितलं, एक ओरखडाही नाही.
पट्ट्याखालची बोटभर जागा राहिली. पट्ट्यावरून दोरा घट्ट गुंडाळलाय ना. तेवढी धरायची नाही.

१३ नोव्हेंबर
जेवला नाही. मान वाकडी करून कोपऱ्यात बसलाय. पश्चात्ताप.
शेरूचा कान फाटलाय. पद्माक्का म्हणाल्या, तुमच्या करियाला कसं काहीच झालं नाही? म्हटलं, आम्ही लक्ष ठेवतो.
पुन्हा तपासलं. दोऱ्याला हात लावला नाही. आत्याचं मन दुखवायचं नाही, एवढंच.

१४ नोव्हेंबर
वास येतोय. सुभाष रोडवरून कुत्र्यांचा शॅम्पू आणला. अंघोळीत मानेपाशी हात गेला तर कळवळला. पाणी गार असेल.
अप्पा म्हणाले, डॉक्टरांना दाखव. म्हटलं, मी रोज तपासतेय, डॉक्टर आणखी काय बघणार?
आत्याचा फोन लागत नाही. गुरुवारी अमावास्या. ती झाली की दोरा काढायचा. ठरलं.

१५ नोव्हेंबर, सकाळ
अंग तापलंय. पाणीही नको म्हणतो. दोऱ्याची गाठ धरली. सोडून दिली. परत धरली. मी मानत नाही, पण करियावर प्रयोग कशाला?

दुपार
अप्पांनीच रिक्षा आणली. डॉक्टरांनी काही न विचारता दोरा कापला, पट्टा काढला. मी डोळे मिटून घेतले. ‘इल्ली नोडव्वा,’ म्हणाले, इकडे बघ. बघितलं. दातांची दोन भोकं, आत पू. उद्यावर टाकलं असतं तर कठीण होतं म्हणाले. घरी कुणी तपासलं नाही का, असंही विचारलं. अप्पा भिंतीकडे बघत होते.

१६ नोव्हेंबर
करियानं थोडा दहीभात खाल्ला. अप्पांच्या हातून. मी ताटली पुढे केली तर तोंड फिरवलं.
आत्याचा फोन आला. मीच आधी सांगून टाकलं, की दृष्टीचा दोरा मी नाही कापला, डॉक्टरांनी कापला.
‘दृष्टीचा कुठला गं? भांडणात पट्ट्याचं बक्कल तुटलं, म्हणून हाताशी आला तो दोरा गुंडाळला. पट्टा सुटला की पळतंय ते शेरूच्या अंगावर. आता पट्टा कशानं बांधलास?’
मग हसायला लागली. अप्पांना फोन दे म्हणाली. दिला नाही.
दोऱ्याचे तुकडे दवाखान्यातून मी पर्समध्ये घालून आणलेत. फेकून द्यायचे आहेत. अमावास्या झाली की.