जुन्या खोडावरचे कलम

अहमदी, कुवेत

सुगरास हारूनचा सलाम, लेकरांना दुवा.

मी खुशाल आहे, जेवणाची आबाळ नाही. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या बागेत माळ्यांसाठी झाडांच्या शास्त्राचा दोन वर्षांचा वर्ग निघाला आहे. परवा बसून पाहिले. मास्तरांनी अरबीत विचारले, "तुला काय येते?" मी ऐटीत म्हणालो, "कलम." ते हसले. "हाजी, लेखणी तर सगळ्यांनाच धरता येते!" अरबीत कलम म्हणजे लेखणी, आणि रोज कुराण पढणाऱ्या मला ते आठवू नये! आता सगळे मला 'लेखणीवाला हाजी' म्हणतात.

ईदनंतर नाव पक्के करायचे आहे. मग दोन वर्षे रजा नाही. वर्गात बसलो की घर आठवते, खोलीवर आलो की वर्ग. नमाजातही मन ठरत नाही. या वयात डोक्यात काही शिरेल का?

विहिरीजवळच्या जुन्या रायवळावर मी हापूसचे कलम बांधून आलो होतो. खोड म्हातारे आहे, जोड धरणार नाही, असे तूच म्हणाली होतीस. त्याला पालवी आली का? माझ्या समाधानासाठी खोटे लिहू नकोस. वाळले असेल तर तसे लिही.

अल्लाह तुम्हां सर्वांना सांभाळो.

हारून