आठवा शब्द

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! सकाळी सातची म्हसळ्याची एसटी, अलिबागला गाडी बदलली, पुढे टमटम, आणि रेवसच्या अलीकडे फाट्यावर उतरले तेव्हा दोन वाजले होते. तिथून खाडीच्या बांधावरून पंधरा मिनिटं चालायचं. दोन्ही बाजूंना पूर्वी मिठागरं होती म्हणे. आता नुसतं सपाट पाणी आणि बगळे. बॅग घ्यायला पेशंटची आई, ठमाबाई, स्वतः आल्या होत्या. साठीच्या, काटक. बॅग सरळ डोक्यावर घेतली आणि माझ्यापुढे चालू लागल्या.

घर बघून थक्कच झाले. दुमजली, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, गच्चीला काचेचा कठडा. आणि एकच नाही, ओळीने तशी आणखी अकरा घरं, सगळी एकाच वर्षी बांधल्यासारखी. जेवायला तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं, एवढ्या महाग माशाचं, कालवण. बाबांना सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

पेशंट परेश, वय बत्तीस. जूनमध्ये मोटरसायकलवरून पडला, मेंदूच्या खालच्या भागाला मार लागला. गळ्यात श्वासाची नळी, पोटात जेवणाची. हात, पाय, तोंड काही हलत नाही, फक्त डोळे वर-खाली होतात. पण काय जागे डोळे आहेत! मी म्हटलं, मी क्रांती, आजपासून तुमची नर्स. त्याने डोळे वर केले. वर म्हणजे हो. ठमाबाई म्हणाल्या, "माझा पोर सगला समजतो गो, निसता बोलत न्हाय."

पगार मुंबईच्या दुप्पट. अट एकच, जरा विचित्र: मोबाइल परेशच्या काकांकडे, दयारामकाकांकडे ठेवायचा. बाबांना फोन संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन करायचा. मला काय, डोळ्यांना तेवढीच विश्रांती. म्हणून तर ही वही काढली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

या गावाचं मला कौतुक वाटतं. दुपारी चार वाजले की प्रत्येक घरातून एक माणूस येतो आणि परेशजवळ बसतो. कोणी खाडीतले निवट्या मासे आणतं, कोणी शहाळं, कोणी माझ्यासाठी गजरासुद्धा. खोलीत खुर्च्याच मांडून ठेवल्यात. अर्धा तास बसतात, जाताना मला विचारतात, "आज काय बोलला काय?" मी मुंबईत पाच वर्षं पेशंट सांभाळले. सख्खी मुलं महिन्यातून एकदा यायची. इथे अख्खी आळी रोज.

परेश मात्र ते आले की डोळे मिटून घेतो. दमत असेल.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज दयारामकाकांनी सगळं समजावून सांगितलं. डंपरचा धंदा आहे त्यांचा, ठेकेदारांशी बोलून बोलून भाषा साफ झाली आहे. मला 'तुम्ही' आणि 'सिस्टर' म्हणतात.

मिठागरं प्रकल्पात गेली आणि अकरा घरांना एकदम पैसा आला. तो ठेवायचा कुठे? परेशचं मोबाइलचं दुकान होतं, त्याला यातलं कळायचं. तो म्हणाला, बँकेत पैसा कुजतो, जमीन आता मिळत नाही. हा कॉइनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनात ठेवा, जमिनीसारखा, विकायचा नाही. वर दर महिन्याला खंडासारखं काही हातात येईल. आणि आलं. दीड वर्ष येत राहिलं. त्यावर ही घरं उभी राहिली.

पण या पैशाला ना पासबुक ना साहेब. तिजोरी उघडायला बारा इंग्रजी शब्द लागतात, ठरलेल्या क्रमाने. परेशने ते कुठे लिहिले नाहीत, पाठ केले. मोबाइल अपघाताच्या दिवशी खाडीत गेला. आता ते शब्द जगात एकाच ठिकाणी आहेत.

भिंतीवर दोन हजार शब्दांची छापील यादी चिकटवली आहे. त्यातलेच बारा. मी एबीसीडी म्हणायची, बरोबर अक्षर आलं की तो डोळे वर करणार. पाच महिन्यांत चार शब्द मिळाले. आणि मोबाइल का नको, तर कोणी फोटो काढून पळू नये म्हणून. पटलं मला. काका हात जोडून म्हणाले, "सिस्टर, अकरा घरांची चूल त्याच्या डोक्यात आहे."

खरं सांगायचं तर मला हुरूप आला. आपल्या हातून एवढ्या लोकांचं भलं होणार असेल तर का नाही?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन शब्द मिळाले! पाचवा 'टॉरटॉइज', सहावा 'अम्ब्रेला'. मी घाई केली नाही, एवढंच. त्याची पाठ चोळली, खिडकीतून खाडी दिसेल असा पलंग फिरवला, इकडचं तिकडचं बोलले. मग त्यानेच दिले.

संध्याकाळी पेढे वाटले. बायकांनी माझी दृष्ट काढली. परेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आनंदाने.

ठमाबाई पेढा हातात धरून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. खाल्ला नाही. मला म्हणाल्या, "हलू घे गो पोरी. एवढी घाय कशाला?"

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

परेशच्या छातीत घरघर वाढली आहे. मी काकांना म्हटलं, एकदा दवाखान्यात न्यायला हवं, छातीचा फोटो काढायला हवा. ते म्हणाले, डॉक्टर इथेच येतील. कोणी आलं नाही. कॉइनचा भाव पडतोय, सगळे त्यातच आहेत. चार वाजता येणारे आता दोन वाजता येतात. बसत नाहीत, उभेच राहतात.

आणखी एक. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली मोटरसायकल आहे. परेशचीच, नंबरप्लेटवर त्याचं नाव आहे. मला वाटलं होतं तिचा चक्काचूर झाला असेल. आरसासुद्धा फुटलेला नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळी अंग पुसताना तो डोळे सारखे वर करत होता. मी एबीसीडी सुरू केली. वाटलं, सातवा शब्द. पण अक्षरं जुळवली तर मराठी निघालं. इंग्रजी अक्षरांत मराठी.

नको.

मग: गाडी नाही. मारलं.

मी विचारलं, कोणी? त्याने डोळे भिंतीकडच्या खुर्च्यांवर नेले आणि तिथेच ठेवले.

तुकड्यातुकड्याने कळलं ते असं. मे महिन्यात भाव उतरला, लोक पैसे मागू लागले. तो म्हणाला थांबा, आता विकलं तर सगळं जाईल. त्यांना वाटलं यानेच खाल्ले. बांधावर गाठलं. अकराही घरं होती.

शेवटची अक्षरं मी दोनदा म्हटली, चुकतंय असं वाटून. चुकत नव्हतं. बारा झाले की मी मेलो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ठमाबाईंशी बोलले, भाकऱ्या थापत होत्या तेव्हा. मी सरळच विचारलं, पहिले चार शब्द कसे मिळाले?

त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाल्या, त्याच्या पोटातली नळी तीन दिवस बंद ठेवली होती. पाण्याचा थेंब नाही. "मी न्हाय केला गो. मी निसती बसलेली त्याच्या उशाला."

आणि मग हे: शब्द बाकी आहेत तोवर गाव त्याला मरू देणार नाही. म्हणून त्या रोज सकाळी त्याच्या कानात सांगतात, बोलू नको. आणि मी आले आणि आठ दिवसांत दोन शब्द काढून दिले. पेढेही खाल्ले.

काकांना मी सांगितलं की मला घरी जायचं आहे. ते म्हणाले, जा की, अवश्य जा. सहाच शब्द राहिलेत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज दुपारी निघाले. बॅग घेतली नाही, बाजारात जातेय असं दाखवलं. बांधावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका होत्या. एकीने विचारलं, सिस्टर, कुठं निघाल्या? म्हटलं, रेवसला. चला, आम्ही पण येतो. चौघी हात पुसून माझ्याबरोबर चालू लागल्या. हसत होत्या, माझ्या आईची चौकशी करत होत्या. फाट्यावर टेम्पो उभाच होता. त्यात बसवलं आणि परत आणून सोडलं. कोणी एक शब्द वाईट बोललं नाही. एकीने तर पदराने माझा घाम पुसला.

संध्याकाळी बाबांना फोन. काका शेजारी बसलेले. बाबा खुशीत होते, माझ्या नावाचा दोन महिन्यांचा पगार आगाऊ आला म्हणाले. म्हणाले, भली माणसं आहेत, टिकून राहा. मी हो म्हटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

परेशला ताप. छाती भरली आहे. नळीतून कफ ओढून काढते, पुन्हा भरते. डॉक्टर नाही.

सकाळी आम्ही दोघंच असताना त्याने स्वतःहून सुरू केलं. सातवा. आठवा. नववा. मी थांबवत होते, तो थांबत नव्हता. बारापर्यंत सगळे दिले, पहिल्यांदाच इतक्या सरळ. मग मराठी: तू घे. जा.

म्हणजे त्यावर त्यांच्याशी सौदा करून इथून सुटून जा, असं त्याला म्हणायचं असेल. मी लिहिले नाहीत. पाठ केले.

नंतर आणखी एक: पहिले चार खोटे.

मी म्हटलं, मग खरे कोणते? त्याने डोळे वर केले, मी ए म्हटलं, बी म्हटलं — आणि दारात ठमाबाई. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

परेश गेला. सकाळी साडेनऊला. खाडीला भरती होती, खिडकी उघडी होती. मी हात धरला होता.

अकरा घरं आली. कोणी रडलं नाही. सगळे ठमाबाईंकडे बघत होते. काका म्हणाले, वहिनी, शब्द तुला ठाऊक असतील, नाहीतर आता तुझं घर, तुझं सगळं जाईल. ठमाबाईंनी बोट केलं.

माझ्याकडे.

"तिला सांगितलान. मी बघितला."

रविवार, २३ नोव्हेंबर

मी लपवलं नाही. सगळं सांगितलं. सहाही शब्द, क्रमाने, काकांच्या हातात लिहून दिले. आणि हेही सांगितलं की पहिले चार खोटे आहेत, ते परेशने उपाशी असताना दिले होते.

त्यांनी बारा घालून बघितले. उघडलं नाही.

काका शांतपणे म्हणाले, उपाशी माणूस खोटं बोलेल, सिस्टर? पोट भरलेलाच खोटं बोलतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

माझं सामान परेशच्या खोलीत आणलं आहे. चादर बदललेली नाही. दाराला बाहेरून कडी.

चार वाजता सगळे आले. खुर्च्यांवर बसले. माझ्याकडे बघत.

मंगळवार, २५

जेवण बंद. पाणी सकाळी एक पेला. ठमाबाई देतात, वर बघत नाहीत.

ही वही काढून घेतली नाही. लिहा म्हणतात, लिहिताना आठवेल. दुपारी काका वाचतात. तर काका, तुम्हीच वाचा: मला पहिले चार माहीत नाहीत. ते कोणालाच माहीत नाहीत. जाळलंत तुम्ही ते त्याच्याबरोबर शनिवारी, मसणवटीत. शपथ घेऊन सांगते.

बुधवार

झोपू देत नाहीत. पाळी लावली आहे. मान पडली की खांदा हलवतात. हळूच. मारत नाहीत. मारल्यावर काय होतं ते त्यांना कळलं आहे.

बाबांना सांगितलं म्हणे, माझी ड्यूटी वाढली.

गुरुवार? 

भाव अजून पडला. एक बाई रडत होती. पाया पडली माझ्या. म्हणाली, लेकीचं लग्न आहे, सांग गो. मीही तिच्या पाया पडले.

यादी समोरच आहे. दोन हजार शब्द. मी वाचत राहते — कुठलेही चार सांगितले तर? सांगितले. उघडलं नाही. आता त्यांची खात्रीच झाली, मी खोटं बोलते.

—

काका म्हणतात, पहिल्यापासून पुन्हा. निदान तुमचे सहा तरी नीट म्हणून दाखवा. दिलेला कागद त्यांनी खिशात ठेवला आहे, ताडून बघतायत. एकही बदलला तर —

सातवा लेमन. बरोबर. मान हलवली त्यांनी.

आठवा

व्हेल्वेट — नाही, तो नववा. नववा की दहावा — लॅडर — तोंड कोरडं पडलंय, जीभ —

परवा तर येत होता. त्याने डोळे वर केले होते, मी ओ म्हटलं होतं, की पी —

सगळे वाकून बघतायत. ठमाबाईसुद्धा. काका किती मायेने म्हणतायत. आठवा, सिस्टर. आठवा.

लिहिते, थांबा, लिहिते. आठवा —