वाकळ, भाकरीच्या तुकड्यासकट

मी, श्रीमती शिवम्मा सिद्धाप्पा बिराजदार, वय शहात्तर, राहणार जुळे सोलापूर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. सुनेला विचाराल तर ती वेगळं सांगेल, पण तिचा दाखला वकिलांनी मागितलेला नाही. शाळा माझी दुसरीपर्यंत, तरी अक्षर माझंच आहे. कायद्याचे चार शब्द तेवढे वकिलांचे.

एक. राहता फ्लॅट माझ्या नावावर आहे, तो मुलगा चन्नवीर याला. अट अशी की हॉलच्या मधोमध टीपॉय ठेवायचा नाही. जुन्या कापडांची वाकळ शिवायची तर पसरायला जागा लागते. सोफा आणताना मला विचारलं नव्हतं, ते मी विसरलेली नाही.

दोन. बँकेत जे निघेल ते नात सृष्टी हिला. ती चित्रकलेच्या कॉलेजात गेली तेव्हा पोरगी वाया गेली म्हणून घरात सुतक पाळलं होतं. तिनेच माझ्या वाकळीचा फोटो मोबाइलवर टाकला आणि मुंबईच्या मोठ्या कलादालनाचा फोन आला.

तीन. सुयांचा डबा शेजारच्या रंभाबाईला. तिलाच साक्षीदार करणार होते, पण वकील म्हणाले, जिला काही मिळतं तिची साक्ष नको. तिला विचारलं, साक्ष पाहिजे की सुया? सुया म्हणाली.

चार. दीर पंचाक्षरी मला चारचौघांत चिंधीवाली म्हणायचे. आता लग्नकार्यात सांगत फिरतात, मी त्या कलाकार शिवम्मांचा दीर. भावजींना पोतंभर चिंध्या. स्वतः शिवून बघाव्यात.

पाच. आता मोठी वाकळ, जी सध्या मुंबईला दालनात आहे आणि दिलेली नाही, नुसती मांडायला नेली आहे. तिच्यात माझ्या सासूचं इरकली लुगडं आहे, यांचं धोतर आहे, चन्नवीरची शाळेची खाकी चड्डी आहे. शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालायची आमच्यात रीत आहे. वाकळीचं पोट रिकामं ठेवत नाहीत.

वाकळ पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो. दालनात कापडांची निगा राखणारे एक साहेब होते, त्यांनी कोपरा चाचपला आणि आत काय म्हणून विचारलं. म्हटलं, कडक भाकरी, ज्वारीची. साहेब मागं सरकले. किडे होतील, शेजारची महागाची चित्रं खातील, कोपरा उसवून तुकडा काढावा लागेल म्हणाले.

जाताना गाडीत सृष्टीने मला शंभर नावं वाचून दाखवली होती. सगळ्या जगात कलेच्या धंद्यात कोणाचा शब्द चालतो, त्यांची. म्हटलं, बघू तरी, हितं कोणाचा चालतो. तर दालनवाल्या बाईंनी बघितलं मांडणी ठरवणाऱ्या दाढीवाल्याकडे. दाढीवाल्याने चित्रं विकत घेणाऱ्या शेटकडे. शेटने बायकोकडे. बायकोने पेपरात लिहिणाऱ्या बाईंकडे. आणि त्या बाईंनी परत दालनवाल्या बाईंकडे. लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसणार म्हणून सगळे ताटकळतात की, तसं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीत चष्मा शोधायला लागले.

तेवढ्यात मागून सून महेश्वरी बोलली. पर्स पोटाशी धरून उभी होती. "उसवायची न्हाय. घ्यायची तर भाकरीसकट घ्या, न्हायतर आमी चारच्या गाडीनं वाकळ घेऊन चाललो." नुसतं बोलली नाही, दोन टोकं धरून घडी घालायला लागली. सृष्टी लाजून खांबाआड गेली.

मग दालनवाल्या बाई म्हणाल्या, राहू द्या. दाढीवाला म्हणाला, यातच तर खरी कला आहे. शेट म्हणाले, मी हेच म्हणणार होतो. पेपरवाल्या बाईंनी पुढं त्या तुकड्यावर अर्धं पान लिहिलं. साहेबांनी मुकाट्याने काचेची पेटी करून घेतली. पेटीखाली पाटी आहे: सुती कापड, दोरा, ज्वारीची भाकरी. त्याखाली माझं नाव. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

येताना सृष्टीला विचारलं, त्या शंभरात महेश्वरी कितवी? ती म्हणाली, "आज्जी, त्यात मम्मीचं नाव कसं असेल?" म्हटलं, मग ती यादी जुनी दिसते, नवी बघ.

आता वाकळ परदेशी न्यायला लोक विचारतायत, आणि मी गेल्यावर पुन्हा कोणीतरी कोपरा चाचपणार. म्हणून ठरवते की वाकळ घरातल्या सगळ्यांची, पण ती कुठं जाईल, कशी टांगतील, कोपऱ्याला कोण हात लावेल, यावर नाही म्हणण्याचा हक्क एकट्या महेश्वरीचा. चन्नवीरने मध्ये बोलू नये. तीस वर्षांत माझ्या एका गोष्टीला ती पहिल्या झटक्यात हो म्हणालेली नाही. आमटीतलं मीठ, नातीचं नाव, माझं औषध, सगळ्याला नाही. मी तिची गाऱ्हाणी माहेरी सांगितली, बाजारात सांगितली, सिद्धेश्वराच्या देवळात बसून सांगितली. आता तिचं तेच 'नाही' बाहेरच्यांनी ऐकावं.

हा कागद सही करण्याआधी महेश्वरीला वाचून दाखवला आणि कबूल आहे का विचारलं. म्हणाली, "न्हाय. मरायची कसली घाई हाय? नव्या वाकळीचा कोपरा शिवायचा ऱ्हायलाय, भाकरी करून ठेवलीय. उठा."

वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. सून म्हणते, तिचं 'नाही' आजपासून. सुनेचं धरावं.

सही: शिवम्मा सिद्धाप्पा बिराजदार
(सही घाईत केली आहे, ती बोलावते आहे.)

साक्षीदार:
१. डॉ. शरणबसव हत्तुरे
२. संगप्पा कोनापुरे, सोसायटीचे सेक्रेटरी

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारचा दुसरा दिवस