प्लग उपसल्यावरची दहा मिनिटं

३ मार्च, सोमवार
आजपासून मी सिल्व्हर पार्कच्या कार-अॅक्सेसरीजच्या दुकानात ऑटो इलेक्ट्रिशियन! महाडला ट्रॅक्टरचे हेडलाइट जोडणारा साहिल आता वीस-वीस लाखांच्या हायब्रिड गाड्यांत कॅमेरे, स्क्रीन आणि अॅम्प्लिफायर बसवणार. खारीगावात नेहाताईकडे मुक्काम आहे. तिने सकाळी शिरा केला. दाजींनी विचारलं, पहिल्याच दिवशी कोणाची गाडी जाळणार? त्यांची जीभ अशीच आहे, मनाला लावून घेत नाही.

मालक हितेशभाई गोड माणूस. नव्या माणसाला चहा स्वतः ओतून देतात. त्यांनी कामाचा नियम समजावला. हायब्रिडला साध्या बॅटरीखेरीज मागच्या सीटखाली एक मोठी बॅटरी असते, शेकडो व्होल्टची. तिची वायर नारिंगी. तिच्या आसपास हात घालायचा तर आधी साधी बॅटरी सोडवायची, मग डिकीतून मोठीचा सर्व्हिस प्लग उपसायचा आणि दहा मिनिटं गप बसायचं. आतला करंट मरायला तेवढा वेळ लागतो. ज्याचे हात वायरींत, प्लग त्याच्याच खिशात. दुसऱ्या कोणाकडे द्यायचा नाही.

त्या दहा मिनिटांत बाकीचे तंबाखू मळतात. मी वही लिहितो. आत्ताही गाडीतच बसलोय.

६ मार्च, गुरुवार
दुकानात झाडू-फडकं करणाऱ्या मंदाताई माझ्याकडे टक लावून बघतात. आज कारण कळलं. माझ्या जागी त्यांचे मिस्टर होते, महिपत मिस्त्री. दिवाळीच्या गर्दीत दुकानाच्या डेमो गाडीत काम करताना शॉक लागून गेले. प्लग गाडीतच लागलेला सापडला. उपसायला विसरला, असं सगळे म्हणाले. हितेशभाईंनी बाईंना कामावर घेतलं म्हणून मार्केटमध्ये त्यांचं चांगलं नाव निघतं.

मंदाताईंचं एकच म्हणणं. "आमचे हे विसरणारे नव्हते हो. गॅसचं बटन चार वेळा बघायचे." गावाला सासू म्हणते, पिऊन काम केलं असेल. तिने लेकाचा फोटो भिंतीला लावू दिला नाही. मला वाईट वाटलं. पण माणूस चुकतो, त्याला कोण काय करणार?

११ मार्च, मंगळवार
हे लिहू की नको? लिहितो.

डेमो गाडीचा डॅशकॅम बदलायचा होता. तो गाडी बंद असतानाही आतलं-बाहेरचं टिपतो, त्याला त्याची छोटी बॅटरी असते. जुनं कार्ड मी सहज मोबाइलमध्ये घालून पाहिलं. दिवाळीचं रेकॉर्डिंग निघालं. महिपत गंजीवर मागच्या सीटपाशी वाकलेत. उकाड्याने शर्ट काढून दाराला अडकवलाय. हितेशभाई येतात, त्या शर्टाच्या खिशातून प्लग काढतात, डिकीकडे जाऊन तो परत बसवतात. मग साधी बॅटरी जोडतात, पुढे बसून बटण दाबतात आणि गिऱ्हाईकाला म्हणतात, "देखो साहब, स्क्रीन कैसी चमकती है." हायब्रिडला चालू होताना आवाज नसतो. महिपतना कळलंच नाही.

पुढचं मी लिहीत नाही. गिऱ्हाईक हसत होतं, एवढंच. माझा चहा उलटून पडला.

१२ मार्च, बुधवार
हितेशभाईंना कार्ड दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, गेलेला परत येतो का? दुकान बंद पडलं तर मंदाबाईंची चूलही बंद. आणि पाडव्यापासून मुख्य मिस्त्री तूच. त्यांच्यासमोरच मी कार्ड पुसलं.

संध्याकाळी मंदाताईंनी विचारलं, जुन्या कॅमेऱ्यात काही निघालं का? मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं की निघालं. मिस्त्री प्लग उपसायला विसरले होते, मी स्वतः पाहिलं. त्या खाली बसल्या. फडकं हातातच होतं. म्हणाल्या, म्हणजे सासू खरं बोलते तर.

मी हरामखोर आहे. पण महाडला परत जायचं नाही मला.

१८ मार्च, मंगळवार
पाडव्याची गर्दी सुरू झाली. पांढऱ्या हायब्रिडमध्ये नवी स्क्रीन बसवली. साधी बॅटरी सोडलेली, प्लग माझ्या खिशात, तरी स्क्रीन लागली. तीत मागची सीट दिसत होती आणि तिच्यापाशी गंजीवर वाकलेला माणूस.

मागे वळून पाहिलं, कोणी नाही. स्क्रीन बदलून घेतली. माल खराब आला असणार.

२१ मार्च, शुक्रवार
माल खराब नाही. आज तिसरी गाडी, वेगळ्या कंपनीचा कॅमेरा, सीलबंद कार्ड. तेच रेकॉर्डिंग. मी पुसलं होतं. माझ्या या हातांनी पुसलं होतं.

महिपत आता वाकलेले नाहीत. ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघतात. हितेशभाईंना बोलावलं तर त्यांना काळी स्क्रीन दिसली. म्हणाले, झोप पूर्ण कर.

२५ मार्च, मंगळवार
आज रेकॉर्डिंगमध्ये शर्टाच्या खिशात हात घालणारा माणूस हितेशभाई नव्हता. हात माझा होता. नेहाताईने दिलेलं घड्याळ होतं मनगटावर. प्लग लावतो मी, बटण दाबतो मी, हसतोही मीच.

मी तिथे नव्हतो! दिवाळीला मी महाडला होतो. कोणाला सांगू? खरं सांगायचं म्हटलं तर आधी ते कार्ड मी पुसलं हे सांगणं आलं.

२७ मार्च, गुरुवार
काम सोडतो म्हणालो. हितेशभाई गोड हसले. पाडव्याच्या गाड्या देऊन जा म्हणाले. आणि कार्ड कोणी पुसलं ते दुकानाच्या सीसीटीव्हीत आहे, हेही सांगितलं.

मंदाताईंना खरं सांगायला गेलो. तहान लागलीय, एवढंच म्हणालो. त्यांनी मला पाणी दिलं.

२८ मार्च, शुक्रवार
शोकेसमधल्या स्क्रीनला वायरच नाही. नुसती मांडून ठेवलीय. मंदाताई तिच्यावर फडकं मारत होत्या. हात थांबला. दहा मिनिटं उभ्या होत्या — मी मोजली. त्यांना काय दिसलं — कोणाचा हात दिसला —

वळून माझ्या घड्याळाकडे बघितलं त्यांनी.

२९ मार्च, शनिवार
दुपार. शेवटची गाडी, मागे अॅम्प्लिफायर बसवायचाय. कव्हर उघडलंय, नारिंगी वायर समोर. हितेशभाई पुढे गिऱ्हाईकाशी बोलतायत. साधी बॅटरी सोडली, प्लग उपसून पँटच्या खिशात — शर्टाच्या नाही, पँटच्या. चौथं मिनिट. लिहिलं की धीर येतो.

स्क्रीन लागली.

तीत मीच आहे, आत्ताचा, वही लिहिणारा. माझ्या शेजारी महिपत. अगदी खेटून. इकडे सीट रिकामी आहे. पण दबलीय —

खिसा रिकामा. प्लग नाही. सीटखाली नाही —

डिकीपाशी मंदाताई उभ्या आहेत. प्लग त्यांच्या हातात. महिपतनी दिला म्हणतात. शांत आहेत. परत एकदा विचारलं त्यांनी, आमचे हे खरंच विसरले होते का. सांगायला हवं होतं. आत्ता तरी. पण पुढून हितेशभाई बघत होते. मी म्हणालो, हो, विसरले होते.

त्या म्हणाल्या, "मग तुम्ही पण विसरलात, भाऊ."

प्लग बसल्याचा आवाज आला. साधी बॅटरी हितेशभाईंनी कधीच जोडलीय, पुढे बसून बटणाकडे हात नेतायत — ओरडलो, ऐकत नाहीत, गिऱ्हाईकाला स्क्रीन दाखवतायत —

दार उघडत नाही. मनगट कोणीतरी धरलंय. गार बोटं. उजवा हात मोकळा ठेवलाय, लिहायला. डावा ओढतायत — नारिंगी वायरीकडे — मंदाताई खरं सांगतो ते विसरले नव्हते त्यांनी प्लग खिशा